आमच्या गावचा संत्रा मेळा : आठवणी आणि अनुभव

अमरावती जिल्ह्याच्या वरूड-मोर्शी पट्ट्यातील आमच्या गावी अंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आणि दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या फळांचा) तोडा भरात आला, की दरवर्षी संत्रा मेळा भरतो. त्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून ज्यांनी जे पाहिले, ते त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. नागपूर भागात संत्रा आणणाऱ्या रघुजीराजे भोसल्यांपासून सुरुवात न केली तरी चालेल. ते सर्वांना पाठ आहे.

एक जुने बागायतदार

मेळा असा कुणी ठरवून सुरू केला नाही. दिल्ली-कोलकात्याचे व्यापारी हंगामभर गावात मुक्कामाला असत, उभा बगीचा पाहून हजारी भावाने (दर हजार फळांमागे) सौदा होई, इसार दिला जाई आणि पहिल्या तोड्याची एक डाल (टोपली) मारुतीच्या पाराशी ठेवण्याची रीत होती. त्या डाली पाहता पाहता कुणाचे फळ सरस यावर वाद होऊ लागले आणि ते मिटवण्यासाठी पंच नेमावे लागले. प्रदर्शनाचे मूळ ते. पंच फळ आडवे कापून बिया मोजत, सालीखाली अंगठा घालून पाहत. साल सुटी हवी, पण फळ पोचट निघाले की बाद. दुपारपर्यंत त्यांची बोटे सालीच्या तेलाने पिवळी होत. मात्र मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येत असल्यामुळे मृगवाल्यांच्या वाट्याला बक्षीस कधी आलेच नाही. माझा बगीचा अंबियाचा असला, तरी हा अन्यायच होता, असे मी म्हणेन.

प्रतवारीचे काम केलेल्या एक बाई

आम्ही तणस अंथरून लाकडी पेट्या भरल्या, पुढे प्लास्टिकचे कॅरेट आले. मेळ्याच्या टेबलावरचे देखणे फळ निवडून देणारे हात आमचेच असत; व्यासपीठावर आम्हाला कुणी बोलावले नाही. उरलेली चुरी (बारीक, हलकी फळे) मांडवाबाहेर ढिगाने विकली जाई आणि खरी गर्दी तिथेच असे.

शेंदुरजनाघाटचे एक कलमवाले

मेळ्यात कलमे विकली जातात, हा समज चुकीचा आहे. जंबेरीच्या (एका जातीच्या रानलिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेली कलमे पावसाळ्यात लावायची असतात. मेळ्यात आम्ही केवळ नोंदणी घेतो.

एक अडते

2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मांडव मोठा झाला. पुढे बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले, ते 2023 मध्ये किलोमागे 88 रुपयांवर गेले, माल देशातच तुंबला आणि मेळ्याला वर्गणी देणारे हात आखडले. मेळ्याचे वैभव भावावर चालते. भाषणे कितीही होवोत.

मृग घेणारे एक शेतकरी

मृगवाल्यांच्या बक्षिसाबद्दल लिहिणाऱ्या वरच्या बागायतदार काकांना पुस्ती जोडतो. आमच्या आग्रहावरून एका वर्षी फेब्रुवारीत वेगळे प्रदर्शन ठरले होते. परंतु त्या साली पाऊस लांबला, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना दिलेला ताण वेळेवर तुटला नाही, मृग फुटलाच नाही आणि मांडवात नेण्याजोगे फळ दोन-तीन बगीच्यांतच निघाले. त्यानंतर समितीने तो विषय पुन्हा घेतला नाही. आमचा अर्ज अजून कायम आहे.