गिमाराइंश: सुताच्या गावात सूत कुठंय?

सूतगुंडी
परवा भटका_जीव यांनी उत्तर पोर्तुगालच्या सहलीवर लेख टाकला. फोटो झकास. पण एक वाक्य डोक्यात गेलं: "गिमाराइंशनं बंद गिरण्यांचं सोनं केलंय, संग्रहालय म्हणजे काय ते मुंबईनं इथून शिकावं." खाली वाहवांची रांग लागलेली. तिथे लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं, म्हणून वेगळा धागा.

मी ब्रागात राहते, गिमाराइंश अगदी शेजारी. पाहुणे आले की पहिली फेरी तिथेच. जुन्या तटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'पोर्तुगालचा जन्म इथे झाला'. तिथून पुढे सगळं राजाचं. किल्ला राजाचा, वाडा ड्यूकचा. आल्बेर्तु सांपायु संग्रहालयात काचेमागे पहिल्या जुआँव राजाचा आत भर घालून शिवलेला अंगरखा, १३८५ च्या आल्जुबारोताच्या लढाईत त्याच्या अंगावर होता म्हणे. आव्ह नदीच्या या खोऱ्यानं अर्ध्या युरोपाला चादरी पुरवल्या, आणि गावानं सगळ्यात जपून ठेवलेलं कापड कुणाचं, तर राजाचं!

व्हिला फ्लोर वाड्यात १८८४ साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच वर्षी गावात रेल्वे आली. लोकांनी आपलं तागाचं कापड, कातडी, सुऱ्या-चाकू अभिमानानं मांडले होते. आज तिथे २००५ पासून सांस्कृतिक केंद्र आहे, जॅझ ऐकायला लोक पोर्तूहून येतात. आसा नावाची कापड गिरणी २०१२ च्या 'युरोपीय संस्कृती राजधानी' वर्षात रंगमंच झाली, आता तिथे दुकानं आणि ऑफिसं. आणि कापड उद्योगाचं खरं संग्रहालय? ते शेजारच्या फामालिकाऊंमध्ये. म्हणजे चादरी इथल्या, माग बघायला दुसऱ्या गावी जा. पाळीला जाणाऱ्या बाया, त्यांचे कान बधिर करणारा तो आवाज, कापसाची धूळ, हे कुठेय? सोनं झालं असेल, पण कुणाचं?

भटका_जीव
ताई, तो सहलीचा लेख होता, प्रबंध नव्हता. आणि तुम्ही 'काझा दा मेमोरिया'चं, म्हणजे आठवणींच्या घराचं, नावही घेतलं नाहीत. २०१६ साली उघडलेलं, तेही जुन्या कारखान्याच्या इमारतीत. गावाचा उद्योग, कामगार, सण, सगळं आहे तिथे. ब्रागात राहून ते दिसलं नाही, की सोयीचं नव्हतं?

बंद कारखान्यात नाटक होतंय, पोरं चित्रं काढताहेत, यात वाईट काय? पर्याय काय होता? मॉल. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते परळला जाऊन बघा आणि मग बोला.

सूतगुंडी
बघितलंय ते घर. गावाच्या सगळ्या आठवणी एका छपराखाली, त्यात कापडाचाही वाटा आहे. वाटाच. ज्या धंद्यावर अख्खं खोरं जगलं त्याला वाटा, आणि राजांना गावभर इमारती.

चादरवाला
सोलापूरकर बोलतोय, टॉवेल-चादरीच्या निर्यातीत केस पांढरे झालेत. तुम्ही दोघंही एका गोष्टीवर एकमत दिसता, की तिथल्या गिरण्या मेल्या. मेल्या कुठं? गिमाराइंशजवळच्या पेव्हिदेंला जाऊन बघा, अजून माग चालतात, पलंगपोस युरोपभर जातात. कोएलिमासारखी १९२२ सालची कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली हे खरंय, त्या बातमीनं आमच्या बाजारातही चर्चा झाली. पण एक पडली म्हणजे सगळ्या गेल्या असं नसतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

आणि खरं सांगू का, त्यांची वाट कुणी लावली? आपण. आम्ही, चिनी, पाकिस्तानी, तुर्की. १ जानेवारी २००५ ला कोट्याची, म्हणजे कापडाच्या आयातीवरच्या मर्यादेची, पद्धत संपली आणि आमचा माल धडाधड युरोपात शिरला. फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात एकदा माझ्या शेजारच्या गाळ्यात एक पोर्तुगीज म्हातारा होता. आमचा टॉवेल उचलून अंगठ्याखाली चोळला, पाठ उलटी करून पिळाचं सूत बघितलं, भाव विचारला. मी सांगितला. काही बोलला नाही. घडी घालून होता तिथं ठेवला, अगदी आमच्या पोरांपेक्षा नीट घडी. तुम्हाला म्युझियम पाहिजे ना? त्या घडीचं करा.

लोणचंभाकरी
मुळात 'सुताचं गाव' हेच अर्धवट आहे, पण इथे कुणाला अर्धवट चालतं म्हणून बोललो नव्हतो. गिमाराइंशची जुनी श्रीमंती कातड्याची. कोरुश भागात ओढ्याकाठी चामडं कमावायचे दगडी हौद आजही आहेत. जुनं गाव २००१ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि २०२३ मध्ये याच कोरुशपर्यंत हद्द वाढवली. तिथल्या जुन्या कारखान्यांत विज्ञान केंद्र आहे, डिझाइनचं शिक्षण आहे. सुऱ्या-चाकू जवळच्या ताइपाश गावचे. राजा सोडून युनेस्कोनं कुणाला मान दिला असेल, तर तो चांभार-ढोरांना. हे सूतगुंडींच्या मांडणीत बसत नाही, म्हणून आलं नसावं.

सूतगुंडी
बसतं की. कातड्याचे हौद आहेत, युनेस्को आहे, अभिनंदन. हौद दगडाचे असतात, टिकतात. माग भंगारात जातो, वजनावर. म्हणूनच तर कुणीतरी आधी विचार करायला हवा होता.

गिरगावकर_१६६१
सगळे मुख्य मुद्दा विसरलात. तो जो ड्यूकचा वाडा आहे ना, तो ब्रागान्सा घराण्याचा. पहिल्या ड्यूकनं पंधराव्या शतकात बांधलेला. त्याच घराण्यातली कॅथरीन, आणि १६६१ च्या करारात तिच्या लग्नात हुंडा म्हणून आपली मुंबई इंग्रजांना. मराठी माणूस त्या वाड्यासमोर सेल्फी काढतो आणि त्याला हे माहीत नसतं! तिथे मुंबईबद्दल एक पाटी तरी हवी की नको?

भटका_जीव
आला. मी लेख टाकला तेव्हाच म्हटलं होतं, कॅथरीन येणार.

दगडधोंडा
पाटी कसली लावताय, आधी वाडा खरा आहे का विचारा. ब्रागान्सा मंडळी दक्षिणेकडल्या व्हिला व्हिसोझाला गेली आणि हा ओस पडला. १८०७ पासून तिथे सैन्याची बराक. १९३७ ते १९५९ हुकूमशहा सालाझारच्या सरकारनं रोजेरियु द आझेव्हेदु या वास्तुविशारदाकडून तो पुन्हा उभारून घेतला. उतरती छपरं, ३९ धुराडी! बघणाऱ्याला वाटतं, केवढं जुनं. १९४० मध्ये देशाच्या जन्माचा सोहळा याच गावात झाला, त्यासाठी राष्ट्राला 'पाळणा' हवा होता, मग पाळणा नवीन का असेना. दालनात मोठाले भित्तिपट आहेत, पाचव्या आफोंसो राजानं मोरोक्कोतली आर्झिला आणि टँजिअर घेतल्याचे. तेही नकला, मूळ स्पेनमधल्या पास्त्रानात. सूतगुंडींनी विचारलं ना, सूत कुठंय? हे घ्या, उसनं सूत, उसन्या भिंतीवर.

आपल्याकडे किल्ल्यांच्या डागडुजीत हेच चाललंय. चुन्याच्या जागी सिमेंट ओततात. आमच्या तालुक्यातल्या एका गढीला ठेकेदारानं चक्क टाइल्स बसवल्या, बाथरूमच्या! तक्रार केली तर मला म्हणाले, पर्यटकांना स्वच्छ आवडतं.

लोणचंभाकरी
आझेव्हेदु चांगला वास्तुविशारद होता, बाथरूमच्या टाइल्सशी त्याची बरोबरी नको. जुन्या भिंती होत्या, त्यांच्यावर बांधलं. पडू द्यायचा होता का?

दगडधोंडा
हो, पडू द्यायचा होता. अवशेष खोटं बोलत नाहीत.

लोणचंभाकरी
मग तुमच्या गढीचं काय? तिला पडू द्या म्हणालात का तालुक्याला? नाही ना. स्वतःच्या दारात एक न्याय आणि पोर्तुगालात दुसरा.

दगडधोंडा
गढी माझ्या पणजोबांची होती हो. तुम्हाला काय कळणार. पुस्तकं वाचून वाद घालायची सवय आहे तुमची, घालत बसा.

गिरगावकर_१६६१
वाडा खोटा असला तरी हुंडा खरा होता.

पेडणेकर
भांडण संपलं असेल तर गोव्याकडून एक.

सूतगुंडी, तुम्ही विचारताय बाया कुठे आहेत. माझा प्रश्न त्याच्या एक पाऊल मागचा: कापूस कुठे आहे? आव्ह खोऱ्यात कापूस पिकत नाही. सालाझारच्या काळात तो मोझांबिक आणि अंगोला या पोर्तुगीज वसाहतींतून यायचा. शेतकऱ्याला सक्ती, ठरावीक जमिनीत कापूस लावायचाच, मक्याला हात लावायचा नाही आणि विकायचा ठरलेल्या कंपनीला ठरलेल्या पडेल भावात. उपासमार झाली, तरी. जानेवारी १९६१ मध्ये अंगोलातल्या बैशा द कसांज भागात लोकांनी बियाणं जाळलं, कोतोनांग कंपनीसाठी पेरायला नकार दिला, तर सैन्य आलं आणि विमानांनी गावांवर बॉम्ब टाकले. त्याच वर्षी ती सक्ती रद्द झाली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात सालाझारच्या हातून आमचा गोवा सुटला, ते इथे सगळ्यांना पाठ आहे. कापसाचं कुणाला माहीत नाही.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये जुन्या बाजाराच्या जागी उभं राहिलेलं ते चकाचक कलाकेंद्र, झुझे द गिमाराइंशच्या नावाचं. चित्रकार याच गावचा, १९३९ चा जन्म, साठच्या दशकाच्या अखेरपासून १९७४ पर्यंत सैन्यातला इंजिनीयर म्हणून अंगोलात. त्याच्या संग्रहातले आफ्रिकी मुखवटे तिथे मांडलेत, शेजारी चिनी आणि कोलंबसपूर्व अमेरिकेच्या वस्तू. मुखवटे अप्रतिम, कुणी नाही म्हणत नाही. पण ज्या अंगोलात तो राहिला त्याच देशातनं गाठोड्यांनी कापूस याच गावच्या गिरण्यांत यायचा. एका खोलीत मुखवटा आणि दुसऱ्या खोलीत कापसाचा गठ्ठा ठेवला असता, तर संग्रहालय झालं असतं. मी गेलो तेव्हा मला तो गठ्ठा कुठे दिसला नाही.

भटका_जीव
पेडणेकर, हे भारी आहे, पण कलाकेंद्राकडून तुम्ही इतिहासाच्या धड्याची अपेक्षा करताय. ते कलाकाराच्या नजरेचं संग्रहालय आहे. प्रत्येक मुखवट्याशेजारी अपराधाची पावती लावायची का?

पेडणेकर
लावायची. राजाच्या अंगरख्याशेजारी लढाईची पावती लावतातच ना? १३८५, आल्जुबारोता, शत्रू कॅस्टिल. पावत्या लावायला त्यांना येतं, फक्त कुठल्या लावायच्या ते आधी ठरलेलं असतं.

माझे आजोबा लिस्बनहून आलेल्या कापडाचा शर्ट घालून लग्नाला उभे राहिले होते. घरात त्या कापडाचं फार कौतुक, 'पोर्तुगालचं' म्हणून. कुणी पेरलं होतं ते त्यांना कुठून कळणार?

चादरवाला
पेडणेकर साहेब, कापसाचं बोललात ते पटलं. धंद्यात आम्ही सूत कुठल्या गिरणीचं ते विचारतो, कापूस कुणाच्या शेतातला ते नाही. गिऱ्हाईक आता विचारायला लागलंय, कागद मागतं, म्हणून आम्हीही मागतो. मनापासून विचारलं असं म्हणणार नाही. पण गिरणी-संग्रहालय मी तरी मागणार नाही. गिरणी चालू द्या.

सूतगुंडी
चादरवाला, तुमचं ते 'जिवंत माणसाच्या फोटोला हार' ऐकायला गोड आहे. पण मेल्यावर हार घालायला फोटो लागतो, आणि तो जिवंतपणीच काढावा लागतो. पेव्हिदेंच्या ज्या बाया आज सत्तरीत आहेत त्यांचं बोलणं आज टिपलं नाही तर कधी?

भटका_जीव, २०१२ मध्ये देशाच्या उरावर त्रोइका, म्हणजे युरोपीय संघ, युरोपची मध्यवर्ती बँक आणि आयएमएफ ही कर्ज देणारी तिकडी, बसली होती, खोऱ्यात बेकारी, आणि गावभर दुकानांच्या काचांवर संस्कृती राजधानीचं ते हृदयाचं चिन्ह. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ते हृदय क्रोशानं विणून दारात टांगलं होतं. गिरणीतनं सुटलेल्या त्या. विणण्यातलं त्यांना जे येत होतं ते कुठल्याही दालनात गेलं नाही, दारावर राहिलं.

भटका_जीव
बरं. लेखातलं 'मुंबईनं शिकावं' काढतो, नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही. 'सोनं केलंय' राहील. ज्यांना परळचे मॉल आवडतात त्यांच्यासाठी खाली तळटीप टाकतो.

सूतगुंडी
तळटीप मॉलची नको, फामालिकाऊंची टाका. लोक गिमाराइंशहून परतताना तिकडे वळतील. आणि सोमवार टाळा म्हणावं, पोर्तुगालात बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद.

दगडधोंडा
वाड्याला 'जुना' म्हणणं पण काढा.

लोणचंभाकरी
काढू नका. जुन्या भिंती आहेत.

गिरगावकर_१६६१
पाटीचं काय ठरलं?