मदत हवी आहे : उंदरांतील गाठींवर दोन प्रकाशसंवेदी औषधांची तुलना

उंदरांच्या त्वचेखाली वाढवलेल्या गाठींवर फोटोफ्रिन आणि टेमोपोर्फिन या, प्रकाश पडल्यावर गाठीतील पेशी मारणाऱ्या औषधांची तुलना मला करायची आहे. परंतु पहिले ६३० आणि दुसरे ६५२ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने कार्यान्वित होते, आणि रुग्णांत पहिल्याची मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅम, तर दुसऱ्याची अवघी ०.१५ असल्याने नेमके काय समान ठेवावे, हेच ठरत नाही. औषध टोचल्यापासून प्रकाश देईपर्यंतचा अवधीही रुग्णांत अनुक्रमे सुमारे २ आणि ४ दिवसांचा असतो. दोन्हींची मात्रा सारखी ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते. प्रत्येक औषध त्याच्या अनुकूल अवधीलाच तपासावे, की गाठीतील प्रमाण मोजून, शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या हिशेबाने मात्रा बेतावी? शिवाय या औषधांनी त्वचाही प्रकाशाला हळवी होते, त्यामुळे मंद उजेडात ठेवूनही उंदरांचे कान लालसर दिसतात. त्याची नोंद कशी करावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.