ऊसतोडीला किमान वेतन लावलं तर पैसे कोण भरणार?

बालाघाटकर

जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांची संघटना असलेला साखर संघ आणि ऊसतोड संघटनांचा करार झाला. तोडणीचा दर टनाला सुमारे २७४ रुपयांवरून ३६६ वर गेला, ३४ टक्के वाढ. टोळी जमवून आणणाऱ्या ठेकेदाराचं, म्हणजे मुकादमाचं, कमिशन २० टक्के झालं. कराराची मुदत २०२५-२६ च्या हंगामापर्यंत. पुढचा करार होताना पुन्हा टक्क्यांचीच घासाघीस होणार. माझं म्हणणं असं की टक्क्यांत बोलणं सोडून माणशी, दिवसाच्या मजुरीत बोलायला हवं.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस चांगला, फड जवळ, आजारपण नाही, असं सगळं जुळून आलं तर जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे ७३२ रुपये, माणशी ३६६. अंधारात उठून फडात जायचं, तोडायचं, पाला काढायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी येईल तेव्हा भरायची. बारा तास कुठेच जात नाहीत.

केंद्रानेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ च्या अहवालात देशासाठी दिवसाला ३७५ रुपये किमान वेतन सुचवलं होतं, तेही जुलै २०१८ च्या भावांनी. ऊसतोड कामगार २०२४ चा ‘ऐतिहासिक’ करार झाल्यावर बारा तास राबून त्याच्याही खाली आहे.

कायद्यात सोय आहे. १९४८ चा किमान वेतन कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता घ्या, मापावर मजुरी मिळणाऱ्यालाही किमान रोजाची हमी आहे आणि जादा तासांना जादा दर आहे. टनाचा दर असा बांधा की साधारण माणसाला नेहमीच्या तासांत किमान वेतन पडलंच पाहिजे. आणि बाईची मजुरी बाईच्या नावावर. विरोध असेल तर कारणासकट मांडा.

वारणाकाठ

बालाघाटकर दादा, कष्टाबद्दल वाद नाही. माझ्या फडात टोळी असते, मी डोळ्यांनी बघतो. पण ही मजुरी देतं कोण ते लिहिलं नाही तुम्ही.

कारखाना देत नाही. मी देतो. २०२३-२४ ला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३१५० रुपये होती, मग ३४००, मग ३५५०. आमच्याकडं महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरलेलं माझ्या खात्यावर येतं. टनामागं ९२ रुपये मजुरी वाढली, त्यावर मुकादमाचं कमिशन धरा, ११० रुपये झाले. माझा दीड एकर खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यावर फुटलेला ऊस), साठ टन निघाला. सहा हजार सहाशे रुपये माझ्या बिलातनं गेले. सभेत टाळ्या पडल्या पुढाऱ्यांना.

शिवाय खुशाली वेगळी. टोळीला एकरी पैसे मोजल्याशिवाय तोड बसत नाही. ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री वेगळी. कधी कोंबडं, कधी जेवण. याची पावती मिळत नाही. वर तुम्ही दिवसाची हमी मागताय. मला कुणी दिवसाची हमी दिली आहे का? आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी असते. खत, पाणी, वीज आणि सोसायटीचं व्याज मी भरतो. गरिबाची मजुरी दुसऱ्या गरिबाच्या बिलातून काढायची, हा कुठला न्याय?

पाटीपेन्सिल

वारणाकाठ यांनी बोजा कुणावर पडतो ते सांगितलं, मी कामाचं काय होईल ते सांगतो. मी मजूरविरोधी नाही. पण कायद्याने मजुरी वाढवली आणि काम तेवढंच राहिलं असं गृहीत धरू नका.

आपल्याच राज्याचं उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांना जगवणारी रोजगार हमी योजना. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरीही साधारण दुप्पट झाली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी नंतर अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की वाढीनंतर मागेल त्याला काम ही हमी ढिली पडली. पैसा मर्यादित होता, दर वाढला, तेव्हा कामं उघडणंच आवळलं गेलं. ज्यांना काम मिळालं त्यांचं भलं झालं. ज्यांना मिळालं नाही ते आकडेवारीत दिसले नाहीत.

तिथे सरकार होतं आणि कायद्याची हमी होती. इथे यंत्र दाराशी उभं आहे. हार्वेस्टरला राज्याने ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान दिलं. मजुरीचा प्रत्येक चढता रुपया यंत्राचा हिशेब सोपा करतो. बीडमधल्या पाटोदा, धारूर, केजच्या कोरडवाहू घरांना हंगामात एकगठ्ठा पैसा देणारं दुसरं काम कोणतं आहे? ते सांगा आणि मग दर वाढवा.

आष्टीची लेक

पाटीपेन्सिल सर, ‘एकगठ्ठा पैसा’ असं तुम्ही लिहिलंत. तो पैसा कसा असतो ते सांगते. माझे आईवडील ऊस तोडायला जायचे, आम्ही भावंडं आजीकडे.

दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो. आता ती कोयत्यामागे लाखाच्या घरात जाते. त्या पैशात मागची देणी, एखादं लग्न, दवाखाना. मग हंगामभर टनाच्या हिशेबाने ती फेडायची. पाऊस आला, कारखाना बंद पडला, उसात पाणी साचलं तर टन पडत नाहीत, पण उचल तेवढीच राहते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या कारखान्यावर. दुसरीकडे दर जास्त आहे म्हणून जाता येत नाही. बाजारात मजुरी ठरते म्हणता, तो बाजार आमच्या घरी कधी आलाच नाही.

आणि जोडी म्हणजे जोडीच. आईच्या नावाची स्लिप कधी निघाली नाही. मोजणी कोयत्याची, करार वडिलांशी. ती सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापायची, मग फडात तेवढंच काम करायची, मग कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, येऊन पाणी शोधायची. एक दिवस पडून राहिली की खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं बाहेर आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बायका इतक्या लहान वयात ते ऑपरेशन का करून घेतात, याचं उत्तर डॉक्टरांच्या लोभात आहेच, पण खाड्यातही आहे. पाळीच्या दिवशी मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. रोजाची किमान हमी असती तर एक दिवस आडवं पडणं एवढं महाग पडलं नसतं. हा खर्च कुठल्या अभ्यासात धरलाय?

कायद्याचं बोला

दोन गोष्टी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात आणि १९८३ मध्ये राजस्थानच्या दुष्काळी कामांवरच्या संजित रॉय खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे. आणि मालकाची ऐपत नाही ही सबब किमान वेतनाला चालत नाही, हेही जुनंच ठरलेलं आहे. तेव्हा ‘द्यावं का’ हा प्रश्न उरत नाही, ‘कसं’ एवढाच उरतो.

हार्वेस्टर माळशिरस

माझ्याकडे मशीन आहे म्हणून लिहितो. किंमत कोटीच्या पुढे, अनुदान धरूनही बँकेचा हप्ता अंगावर येतो. मशीन मजुरीमुळे आलं असं सगळे म्हणतात, पण मी घेतलं ते टोळ्या मिळेनात म्हणून. उचल घेऊन टोळी आलीच नाही, वाहतूकदार कर्जात बुडाले, असं आमच्या भागात कितीतरी जणांचं झालं. बीडची पोरं आता पुण्याला, रांजणगावला कंपनीत जातात, ऊस तोडायला तयार नाहीत. दर ३६६ करा नाहीतर ५०० करा, ती परत येणार नाहीत.

पण मशीन सगळीकडे चालत नाही हेही खरं. दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, तीन फुटी सरी, लोळलेला ऊस, ओली जमीन. तिथे कोयताच लागतो. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मिळत नाही म्हणून जनावरंवाला शेतकरी कुरकुरतो, पाचटाची वजावट लागते म्हणून दुसरा कुरकुरतो. म्हणून मजुरी वाढल्या वाढल्या टोळ्या जातील असं मला वाटत नाही.

बालाघाटकर

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

वारणाकाठ, तुमचे सहा हजार सहाशे गेले हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी हा धागा काढला. मजुरीवाढीचा बोजा ऊस उत्पादकावर पडतो, कारण तो तसा लिहून ठेवला आहे. पण ११० रुपये साखरेवर पसरून बघा. टनाला साधारण १०५ किलो साखर निघते. किलोमागे जेमतेम एक रुपया होतो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केली आणि नंतर वर्षानुवर्षं तिथेच ठेवली. त्याच काळात एफआरपी जवळपास दरवर्षी हलली, मजुरी हलली, इथेनॉल आणि वीज विकून कारखान्यांचं उत्पन्नही बदललं. निम्मी साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणारे उचलतात. त्यांच्यासाठी किलोमागचा हा रुपया किती मोठा आहे? पुणे-मुंबईच्या एखाद्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागली, तर त्या घराला पाच रुपये. ते तुमच्या बिलातून जातात, कारण तुम्ही आणि टोळी दोघेही कराराच्या टेबलावर दुबळे आहात.

खुशालीबद्दल तुम्ही रागाने लिहिलंत, मला ती महत्त्वाची वाटते. ठरलेल्या दराला टोळी मिळत असती तर वरचे पैसे द्यावे लागले नसते. म्हणजे तोडणीचा खरा दर करारातल्या दरापेक्षा वर आहे, तो तुम्ही आजच भरताय, फक्त पावती नाही आणि बाईच्या हातात त्यातलं काही पडत नाही.

पाटीपेन्सिल, रोहयोचा दाखला तोलाचा आहे. पण ती सरकारची मर्यादित तिजोरी होती. कारखान्याला ऊस तोडावाच लागतो, उभा ठेवला तर वजन आणि उतारा दोन्ही जातात. मालकाच्या हातात मजूर अडकलेला असेल तर वेगळं घडतं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं तेव्हा शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, फास्ट फूडच्या चारशेवर खानावळी तपासल्या. नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

पाटीपेन्सिल

कार्ड-क्रुगरवर डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या नोंदी घेऊन उलट निष्कर्ष काढला होता, तो वाद अजून मिटलेला नाही. आणि न्यू जर्सीत वाढ १९ टक्के होती. तिथली खानावळ बर्गर थोडा महाग करू शकते. इथे साखरेचा भाव ग्राहकाच्या भीतीने सरकार दाबून ठेवतं, निर्यातही बंद करतं. तुमचा एक रुपया ग्राहकापर्यंत जाणारच नाही, तो वारणाकाठांच्या बिलातच थांबेल. भाव बांधून ठेवायचा आणि मजुरीही बांधायची, तर मधला माणूस चेपला जातो.

आष्टीच्या ताईंना मात्र मी आकड्यांत उत्तर देणार नाही. उचलीने बांधलेला मजूर मोकळा नसतो, हे मला मान्य आहे. पण मग आधी उचल मोडा. आठ-नऊ टक्क्यांनी बँकेचं कर्ज थेट मजुराला द्या, पैसे थेट त्याच्या आणि तिच्या खात्यावर द्या. माणूस मोकळा झाला की दर आपोआप चढेल. उचल तशीच ठेवून किमान वेतन लावलंत तर वाढलेला पैसा उचलीत वळता होईल आणि मुकादमाचे २० टक्के वाढतील.

आष्टीची लेक

आधी उचल मोडा, मग वेतन, असं क्रमाने म्हणता सर, पण मजुरीवर पोट भरत नाही म्हणून तर उचल घ्यावी लागते. आंध्र-तेलंगणात रोजगार हमीची मजुरी स्मार्ट कार्डने वेळेवर आणि पूर्ण हातात यायला लागली, तेव्हा काय झालं ते अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं आहे. शेतावरची खासगी मजुरीही वाढली आणि खासगी कामही कमी झालं नाही, उलट वाढलं. मजुराला ‘नको’ म्हणायची ताकद आली की हे घडतं. गावात नोव्हेंबर ते मार्च रोजगार हमीची कामं नीट निघाली, तर माझ्या मावशीसारख्या बायका लेकरांना शाळेतून काढून कारखान्यावर जाणार नाहीत. राहिलेल्यांना मग दर द्यावाच लागेल.

वारणाकाठ

ताई, तुमच्या आईचं वाचून बरं वाटलं नाही. आमच्या फडात बायका असतात, त्यांचं नावही आम्ही विचारत नाही हे खरं आहे.

पण दरावर माझी भूमिका तीच. तोडणीचा खर्च एफआरपीतून वजा होतो तोवर मी एकाही रुपयाच्या वाढीला हो म्हणणार नाही. बालाघाटकर म्हणतात तसं साखरेवर पसरा, इथेनॉलच्या पैशातून द्या, सरकारनं द्यावं. माझ्या बिलाला हात नको. कारखान्याच्या वार्षिक सभेत मी ठराव देणार आहे: शेतकऱ्याच्या बिलावर तोडणी, वाहतूक, कमिशन हे तीन रकाने वेगळे छापा. मजुरीवाढीला पाठिंबा म्हणून नव्हे. टोळीच्या नावानं माझं किती कापलं आणि त्यातलं टोळीला किती पोचलं, हे मला कळलं पाहिजे. सूचक मी आहे, अनुमोदक शोधतोय.