मैत्रीचं प्रेम होतं तो मधला भाग कसा लिहायचा? (कादंबरी पान १८० वर अडकली आहे)

रेषेबाहेर

पहिलीच कादंबरी लिहितेय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

ईरा आणि सौमित्र बारा वर्षांचे असल्यापासून बॅडमिंटनची मिश्र दुहेरी एकत्र खेळतात. आता दोघंही सत्तावीसचे. मोठे खेळाडू वगैरे नाहीत, उपांत्यपूर्व फेरीत हमखास हरणारे. सौमित्र कोर्टवर अखंड बडबडतो. ईरा जाळ्याजवळ उभी राहून दोनच शब्द बोलते, "माझं" आणि "सोड". पहिली दीडशे पानं मी ही मैत्री मन लावून लिहिली. तिच्या वडिलांशी तो तिच्यापेक्षा जास्त बोलतो. हरल्यावर कोणाला किती वेळ एकटं सोडायचं, हे दोघांना न सांगता ठाऊक असतं. मग १८० व्या पानावर ती त्याच्याकडे बघते आणि तिचे कान तापतात.

खर्डा दोन मैत्रिणींना वाचायला दिला. एक म्हणाली, "अगं, हे कधी झालं? मधलं पान गळालंय का?" दुसरी म्हणाली, "मला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं, मग एवढा वेळ का लावलास?" खर्डा एकच! आता ऐकू कोणाचं?

एक अट: पाऊस सुचवू नका. आडोशाला उभ्या राहिलेल्या जोड्यांचा मला उबग आलाय.

चहाटळ

पाऊस नको तर ताप आणा. एकाला आजारी पाडायचं, दुसऱ्याने उशाशी बसायचं, पहाटे डोळे उघडायचे. शंभर वर्षं चाललंय, तुमच्याकडेही चालेल.

उत्तररात्र

दोघींचंही बरोबर आहे, पण दुसरीचं म्हणणं मी तक्रार मानणार नाही. या जातीच्या कादंबरीत वाचकाला आधी कळायलाच हवं. शेवट काय होणार हे ओळखूनच आपण ती हातात घेतो. खरा प्रश्न असा, की जे वाचकाला दिसतंय ते ईराला का दिसत नाही? त्याचं कारण तिच्या स्वभावात हवं. नुसतं "तिच्या लक्षात आलं नाही" म्हणालात तर ती मठ्ठ वाटते.

जेन ऑस्टिनची 'एमा' (१८१५) या नजरेने पुन्हा वाचा. नाइटली हा एमाच्या बहिणीचा मोठा दीर, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, रोजच्या येण्याजाण्यातला. एमाला दुसऱ्यांच्या जोड्या लावायचा नाद. सगळ्यांची मनं आपल्याला वाचता येतात अशी तिची खात्री, आणि आपण लग्न करणार नाही हे तिने सांगून टाकलेलं. मग स्वतःच्या मनात डोकवायची तिला गरज कशाला वाटेल? हॅरिएट ही तिची मैत्रीण आपला जीव नाइटलीवर जडल्याचं सांगते, तेव्हा कुठे एमाला बाण लागतो, की या माणसाने आपल्याशिवाय कोणाशीही लग्न करता कामा नये. तोवर पुस्तक संपत आलेलं असतं.

आणि तोवर नाइटलीने वेगळं काय केलं? जवळजवळ काहीच नाही. बॉक्स हिलच्या सहलीत एमा बिचाऱ्या मिस बेट्सला सगळ्यांदेखत टोमणा मारते आणि तो तिला नंतर बाजूला गाठून झाडतो. तो तर तिला पहिल्या प्रकरणापासून झाडतच आलाय. फरक एवढाच, की या वेळी ती परतताना गाडीत रडते.

म्हणून म्हणतो, ते कान कापा. म्हणजे तापलेले. पंधरा वर्षं एकमेकांच्या घामाचा वास ओळखणारी माणसं एका सकाळी उठून लाजायला लागत नाहीत. दोघं आधी जे करत होते तेच करू द्या, फक्त ते करणं आता जड जाऊ द्या. "सोड" हा शब्द तुम्ही आयता तयार ठेवलाय आणि तुम्हालाच त्याचा पत्ता नाही!

पायरी नाही

माझा विरोधी सूर नोंदवून ठेवा. मैत्री म्हणजे प्रेमाची प्रतीक्षायादी आहे का? दोघांचं इतकं छान चाललंय, मग त्यांना "पुढे" न्यायची घाई कसली?

चार बहिणींच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि त्यातली बहीण 'जो' आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न लावा म्हणून मुली लुइझा मे अल्कॉटच्या मागे लागल्या. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात लॉरीने जोला मागणी घातली आणि जो नाही म्हणाली. कित्येकांना ते अजून पचलेलं नाही. मला मात्र त्या नकारामुळेच त्यांची मैत्री खरी वाटते. लॉरी आपण वाट बघतोय असं समजत होता. जो वाट बघत नव्हती, ती मैत्रीच करत होती.

तर माझा प्रश्न: तुमच्या सौमित्रला नाही म्हणायची मुभा आहे का? नसेल, तर वाचकाने तीनशे पानं कशाची धाकधूक बाळगायची? त्यांचं जुळेल का यात तुम्ही अडकलाय. मला हे हवंय, की नाही जुळलं तर रविवारी सकाळी कोर्टवर ईराच्या मागे कोण उभं राहणार?

समासातली

चहाटळ, तुम्ही थट्टेत बोललात पण तो ताप खरंच आहे. एल. एम. मॉन्टगोमेरीच्या 'अ‍ॅन ऑफ द आयलंड'मध्ये (१९१५) नायिका अ‍ॅनचा जुना मित्र गिल्बर्ट याला विषमज्वर होतो. पण तिथे उशाशी बसणं वगैरे नाही. तो वाचेल की नाही या विचारात अ‍ॅन एक अख्खी रात्र आपल्या खोलीत एकटी काढते, आणि तेव्हा तिला आपलं मन कळतं.

मला त्याच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गिल्बर्ट लवकर विचारतो, अ‍ॅन नकार देते. का? तर तिने प्रेमाचं एक चित्र मनात रंगवून ठेवलंय: उंच, सावळा, गूढ, कविता करणारा. मग हुबेहूब तसाच रॉय गार्डनर येतो. त्याने मागणी घातल्यावर तिच्या तोंडून होकार निघतच नाही. म्हणजे तापाने प्रेम निर्माण केलं नाही, आता वेळ उरला नाही एवढंच त्याने सांगितलं. पाया आधीच घातलेला होता. पायाशिवाय ताप आणलात तर तो पाऊसच.

रेषेबाहेर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कान कापले.

आता असं करतेय. सौमित्रचा घोटा मुरगळतो. आधीच्या खर्ड्यात हे होतं, पण तिथे ती त्याला बर्फ लावते आणि दोघांचे हात लागतात (हसू नका). ते गेलं. आता ईरा एका स्पर्धेपुरती दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळते. तो माणूस सौमित्रपेक्षा चांगला खेळतो, शांत असतो, मधल्या रेषेवरचं प्रत्येक शटल अदबीने तिच्यासाठी ठेवतो. एका रॅलीत ती सवयीने "सोड" म्हणते आणि तो खरंच सोडतो. शटल रेषेच्या आत पडतं. सौमित्रने ते मारलं असतं. तिचं "सोड" कधी ऐकायचं आणि कधी धुडकावायचं हे त्याला कळतं. हे तिलाही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लिहीपर्यंत मलाही नव्हतं. तरीही ती दोघं तो सामना जिंकतात, उपांत्य फेरीत जातात आणि ईरा चिडते. का चिडली ते मी लिहिणार नाहीये.

पायरी नाही, तुमचा रविवारचा प्रश्न छळतोय. सौमित्र आता "मला विचार करायला वेळ दे" म्हणतो आणि सहा आठवडे कोर्टवर गप्प राहतो. बडबड्या माणसाचं गप्प होणं लिहायला फार मजा येतेय.

एक शंका उरलीच. सगळं ईराच्या बाजूने लिहिलंय. या सहा आठवड्यांत एखादं प्रकरण सौमित्रच्या डोक्यातून लिहू का?

पायरी नाही

सहा आठवडे चालतील. विरोध अर्धा मागे.

उत्तररात्र

लिहू नका. त्याच्या डोक्यात शिरलात की आम्हाला उत्तर कळलं, मग त्याचं गप्प राहणं नुसतं वेळकाढू. पुन्हा 'एमा'च. जवळपास सगळं पुस्तक तिच्या नजरेतून आहे. एका प्रकरणात ऑस्टिन नाइटलीच्या बाजूला जाते, तेव्हाही तो मुख्यतः दुसऱ्याच एका जोडीवर संशय घेत बसलेला असतो. आणि शेवटी त्याने विचारल्यावर एमा काय म्हणाली, तेही ऑस्टिन सांगत नाही. जे म्हणायला हवं तेच म्हणाली, असं सांगून मोकळी होते.

सौमित्रचं मन त्याच्या खेळातून दाखवा. बोलत नसेल तर चुका कुठे करतो? सर्व्हिसला, की ईराच्या डोक्यावरून मागे आलेल्या शटलला?

रेषेबाहेर

सर्व्हिसला. तेव्हा ती त्याच्या पुढे उभी असते, पाठमोरी.

चहाटळ

आणि बाहेर पाऊस.