उत्तर : हरल्यावर लगेच पुढची मॅच?

भाऊ, काउंटर-स्ट्राइक २ या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये हरले की लगेच पुढची मॅच लावता अन् खापर नागपूरच्या नेटवर फोडता, असं लिहिलंत. आधी गेमच्या सेटिंगमधून टेलिमेट्री (खेळताना नेटचे आकडे पडद्यावर दाखवणारी सोय) चालू करा. मुंबई सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) स्थिर अन् पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) शून्य असेल, तर नेटचा विषय संपला.

मग डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, उघडून फक्त स्वतःचे मृत्यू बघा. (किल बघत बसण्यात मजा येते, शिकायला काही मिळत नाही.) मरायच्या दहा सेकंद आधीपासून बघून प्रत्येकाला एक ओळ लिहा: ‘मिराज मॅपवर कनेक्टर नावाच्या वाटेतून पुन्हा तिथंच डोकावलो, सोबती लांब, बदला घ्यायला कोणीच नाही.’ तीन मॅचमध्ये जे कारण जास्त वेळा येईल, आठवडाभर तेवढंच सुधारा. तीन गोष्टी एकदम धरल्या की नेमकं काय सुधारलं, तेच कळत नाही.