'लवादाचे कलम' की 'लवादाची अट'?

प्रश्न

अमेरिकेतल्या ग्राहक-करारांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. तिथे बँक खातं, क्रेडिट कार्ड, कर्ज यांच्या करारांत एक वाक्य असतं : पुढे भांडण झालंच तर ते न्यायालयात न जाता आर्बिट्रेशनने मिटेल. यावरून २०१७ मध्ये तिथल्या काँग्रेसमध्ये मोठा वाद झाला. मी 'लवाद कलम' असा शब्द केला. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, "सरकारने ग्राहकांसाठी लवाद नेमला, मग लोक चिडले कशाला?" माझा शब्द चुकला का?

प्रतिसाद १

लवाद म्हणजेच आर्बिट्रेशन. कोशातही तेच आहे. शब्द बरोबर आहे.

प्रतिसाद २

कोशात बरोबर असला तरी मैत्रिणीला जे वाटलं ते बहुतेक मराठी वाचकांना वाटेल, आणि तो दोष त्यांचा नाही.

आपण वर्तमानपत्रात 'लवाद' वाचतो तो कुठे? राष्ट्रीय हरित लवाद, कृष्णा पाणीतंटा लवाद. हे कायद्याने स्थापन झालेले, इंग्रजीत ज्यांना ट्रायब्यूनल म्हणतात ते. आर्बिट्रेशनमधला लवाद निराळा. तो खासगी असतो, पक्षांच्या करारातून त्याला अधिकार मिळतो आणि त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. मराठीने दोघांना एकच नाव दिलं, त्यामुळे सरकारी लवादाचं वजन खासगी लवादाला आपोआप मिळतं. निदान पहिल्या उल्लेखात तरी 'खासगी लवाद' लिहा.

त्याहून मोठी अडचण 'कलम' या शब्दाची आहे. करारालाही कलमं असतात, हे खरं. पण 'कलम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कायदाच येतो. 'कोणतं कलम लावलं?' असं आपण पोलिसांच्या संदर्भात विचारतो. इथे ते वाक्य लिहिलंय बँकेने, छापील मसुद्यात, आणि ग्राहकाला त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. म्हणून 'अट'. अट म्हटलं की घालणारा कोण, हा प्रश्न लगेच पडतो.

अशा अटीचं नेहमीचं भाषांतर बघा : 'कोणताही वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल.' कोण सोपवणार? वाक्यात कर्ताच नाही. आणि 'उद्भवल्यास' हा सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. भांडण झाल्यावर दोघांनी मिळून लवाद नेमला तर कुणाचीच हरकत नाही. वाद आहे तो भांडणाआधीच, खातं उघडताना घेतलेल्या संमतीबद्दल. तिथल्या ग्राहक वित्तीय संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात आढळलं की तीन चतुर्थांशांहून अधिक क्रेडिट कार्डधारकांना आपल्या करारात ही अट आहे की नाही हेच माहीत नव्हतं. अशा संमतीला 'आपखुशीने' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

प्रतिसाद ३

मग सरळ 'सक्तीचा लवाद' म्हणावं का?

प्रतिसाद २

जपून. तो शब्द एका बाजूचा आहे. विरोधक 'सक्तीचा' म्हणतात, उद्योगसंघटना 'लवादाचा करार' म्हणतात. त्यांचाही मुद्दा होता : या अटीमुळे अडतो तो सामूहिक दावा, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून न्यायालयात केलेला एकच दावा, आणि अशा दाव्यात वकील गबर होतात, ग्राहकाच्या हाती सरासरी ३२ डॉलर पडतात. त्यावर उलट उत्तर असं की एवढ्याशा रकमेसाठी एकटा माणूस लवादापर्यंत जाईल कशाला? हजारो जण एकत्र येऊ शकले तरच बँकेला त्याची दखल घ्यावी लागते. मला हे उत्तर पटतं, पण अनुवादात माझं मत घुसवणार नाही. वक्ता ज्या बाजूचा, त्याच्या तोंडी त्याचाच शब्द ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'वादापूर्वीची लवादाची अट' लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

आणखी एक. २०१७ चा वाद त्याच ग्राहक वित्तीय संरक्षण संस्थेने केलेल्या नियमावरून झाला; पण '२०१७ च्या नियमाने लवादावर बंदी घातली' असं लिहू नका. नियमाने लवाद राहू दिला होता. त्या अटीच्या आडून सामूहिक दावा अडवायला मनाई केली होती. (घरकर्जाच्या करारात ही अट घालायला मात्र २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानेच मनाई आहे. ते वेगळं.) तो नियमही टिकला नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली, उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी निर्णायक मत दिलं आणि १ नोव्हेंबरला अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने नियम रद्द झाला.

प्रतिसाद १

'मध्यस्थ' चालणार नाही का? सोपा आहे.

प्रतिसाद २

नाही. मध्यस्थ समजूत घालतो, निवाडा देत नाही. त्याचं न पटलं तर उठून जाता येतं. इथे तीच सोय नाही.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं : 'पुढे वाद झाला तर ग्राहकाने न्यायालयात न जाता खासगी लवादाचा निवाडा मानावा, अशी अट बँका करारात आधीच घालून ठेवतात.' मैत्रिणीला पाठवलं. तिने या वेळी विचारलं, "आणि अट मान्य नसेल तर खातं उघडतात का?"