मदत हवी आहे : मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील युद्धकालीन रुग्णालय

आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात ती १९१५ च्या सुमारास उभी राहिली, पण पहिले महायुद्ध सुरू असल्याने वस्तू मांडण्याआधीच तिथे लष्करी रुग्णालय भरले आणि संग्रहालय खुले व्हायला जानेवारी १९२२ उजाडला.

माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत मांडीला गोळी लागल्यावर त्यांना बसऱ्याहून बोटीने मुंबईस आणले, असे घरात सांगतात. त्यांच्या पेन्शनच्या कागदाची घडी नेमकी रुग्णालयाच्या नावावरच झिजली आहे. ‘मुंबई’ एवढेच वाचता येते.

या रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदवह्या कोणत्या दफ्तरखान्यात पाहता येतील, हे कोणी सांगू शकेल का? साताऱ्या-रत्नागिरीकडील कोणाच्या घरी तिथून आलेले पत्र, छायाचित्र किंवा सुट्टीचा दाखला असल्यास कृपया आवर्जून कळवावे. त्या घुमटाखाली जखमी मराठा शिपाई कसे राहिले, याचा उल्लेख फार थोडक्यात होतो आणि मला ते मनापासून खटकते.